गर्दीसकट

मुंबईत थंडी पडते यावर बाहेरगावच्या कुणाचा विश्वास बसत नाही, आणि खरं सांगायचं तर दादर-परळच्या माणसाचाही बसत नाही. पण मुलुंडच्या माणसाला विचारून बघा. तो लगेच कॉलर ताठ करतो. "आमच्याकडे पडते. मागे डोंगर आहे ना." जणू डोंगर याच्या वडिलांनीच हप्त्यावर आणून ठेवलाय. मी जन्माने मुलुंडची. लग्न होऊन बोरिवलीला आले, म्हणजे त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळे माझी थंडी काही हुकली नाही. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी फरशी पायाला गार लागते, ओठ ओढल्यासारखे होतात, कपाटातून स्वेटर बाहेर येतात ते डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊनच, आणि माझ्या कानात टाळ्या सुरू होतात.

टाळ्याच. गाणं नंतर. आधी कुठल्यातरी लांबच्या शहरातलं मैदान, अंधार झालाय, हजारो माणसं आपसात बोलताहेत आणि त्या बोलण्याची एक गाज झालीय. मग कुणाला तरी स्टेजवर काहीतरी हललेलं दिसतं. तो ओरडतो. त्याचं बघून शेजारचे ओरडतात, आणि बघता बघता अख्खं मैदान उठतं. ड्रमवाला काठीवर काठी आपटून मोजतो, एक, दोन, तीन, चार. त्या चारानंतर जे काही होतं ते झकासच असतं, पण माझं मन त्या चारच्या आधीच भरलेलं असतं.

मला रॉक आवडतं असं म्हटलं की लोक आधी माझ्या केसांकडे बघतात, मग टिकलीकडे, आणि मग "हो का, वा," म्हणून विषय बदलतात. एका विमा कार्यालयात मी आयुष्य घालवलं. तिथल्या बायकांना माझ्याबद्दल हे एवढं एकच कोडं कायम राहिलं. त्यातही मला आवडतं ते स्टुडिओतलं गाणं नव्हे. लोकांसमोर, मैदानात वाजवताना जे टेपवर उतरलं ते, ज्याला सगळे लाइव्ह म्हणतात ते. हा आजार मला माझ्या दादामुळे लागला. आम्हा बहीणभावांची वर्षानुवर्षांची एक पद्धत आहे. ज्या सकाळी पहिल्यांदा गार वाटेल त्या सकाळी ज्याला आधी जाणवेल त्याने फोन करायचा. बहुतेक वेळा दादाचाच येतो. "सुमे, पडली गं. लाव." मग डोंगराच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो, एकच रेकॉर्डिंग आपापल्या घरात लावून बसतो. बोलायचं काही नसतं.

यंदा थंडी पडली, पण फोन आला नाही. मीही केला नाही. कारण दादाला आता गाणं ऐकू येत नाही. म्हणजे बोलणं येतं. पावसाळ्यात कानात मशीन बसवल्यापासून वहिनीचं बोलणं त्याला दुसऱ्या खोलीतूनही येतं. गाणं मात्र गेलं. त्याने साउंड सिस्टिमवर जुनी चादर घातली आणि त्या चादरीवर वहिनीने इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

दरवर्षी थंडी येते ती मला त्याच एका थंडीत नेऊन सोडते. मी अकरावीत होते, दादा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. त्याच्या एका मित्राचा मामा बोटीवर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक कॅसेट आणली. त्या बँडचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक मान हलवतात आणि त्यांच्या मनात त्यांचं त्यांचं काहीतरी सुरू होतं. ती कॅसेटही धड अस्सल नव्हती, कुणाच्या तरी कॅसेटवरून केलेली. तिच्यावरून दादाने घाटकोपरच्या एका दुकानात कोऱ्या कॅसेटवर आपली उतरवून घेतली. म्हणजे गाणं आमच्याकडे येईपर्यंत तीनचार घरचं पाणी पिऊन आलं होतं. त्यात खरखर इतकी, की आई पहिल्यांदा म्हणाली, "मेल्या, हां काय शिरा तळतत काय?" शिरा कुणी तळत नाही हे आईला पक्कं माहीत होतं. पण चिडली की तिच्या मालवणीला धरबंद राहायचा नाही.

टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात असायचा. त्यातच रेडिओ होता आणि सकाळच्या भक्तिगीतांवरचा आपला हक्क आईने कधी सोडला नाही. तेव्हा रॉक ऐकायचं तर ओट्याशेजारी बसून. मटारचे दिवस होते. आई आमच्यापुढे शेंगांचा ढीग ओतायची. ऐकायचं तर सोला, असा करार. मी आजही मटार सोलायला घेतला की माझी बोटं त्या ड्रमच्या ठेक्यात चालतात. नवऱ्याच्या हे लक्षात आलंय. तो हळूच रेडिओ बंद करून जातो.

कॅसेट इतकी ऐकली की आम्हाला गाण्यांपेक्षा मैदानातली माणसं जास्त ओळखीची झाली. डाव्या बाजूला एक शिट्टी वाजवणारा होता. लांबलचक, शेवटी वर चढणारी शिट्टी. त्याला आम्ही सावंत म्हणायचो, कारण आमच्या तळमजल्यावरचे सावंत रिक्षाला तशीच शिट्टी मारत. दोन गाण्यांच्या मधे गिटारवाला खुंट्या पिळून सूर लावत असताना एक बाई हसायची. कशाला हसली असेल यावर दादाने आणि मी तासन् तास घालवलेत. दादा म्हणायचा, तिच्या पायावर कुणीतरी पाय दिला. मी म्हणायचे, पाय दिल्यावर कुणी असं हसत नाही, तिच्याबरोबर कुणीतरी खास आलंय. आपण जिथे कधी जाणार नाही अशा गावातली बाई. आज असेलही, नसेलही. एका संध्याकाळी ती मनापासून हसली आणि ते हसू मुलुंडमधल्या ओट्यापर्यंत आलं, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

स्टुडिओतल्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते बिचारं नीटनेटकं असतं. चुकलं की पुसतात, पुन्हा गातात, सगळ्यात बरं ते ठेवतात. पण मैदानात गायकाला धाप लागते. वरचा सूर आज लागणार नाही हे त्याला आधीच कळतं, आणि तो सूर येण्याआधी त्याचा आवाज किंचित घाबरतो. ते घाबरणं ऐकू येतं. मग कधी तो सूर लागतो आणि लोक ओरडतात. कधी लागत नाही, आणि तेव्हाही लोक ओरडतात. मला वाटतं, माझा जीव जडला तो या दुसऱ्या ओरडण्यावर. घरी परीक्षेचे मार्क सांगताना, ऑफिसात वर्षअखेरीला, लग्नानंतर पहिल्यांदा पुरणपोळी फाटली तेव्हा, मला ते ओरडणं हवंसं वाटलेलं आहे.

त्या थंडीत दादाने बँड काढला. बँड म्हणजे चार जणं, दोन गिटार, एक उसना कीबोर्ड, आणि ड्रम गल्लीतल्या बँजो पार्टीकडून मागून आणलेले. लग्नाच्या वराती आणि गणपतीच्या मिरवणुका वाजवून ते ड्रम अगदी निबर झाले होते. सराव गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून चालायचा. ध्येय एकच. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी खाली पटांगणात करमणुकीचे कार्यक्रम. फॅन्सी ड्रेस, हौजी, मग ज्याला जे येतं ते. त्यात दादाला त्या कॅसेटवरचं शेवटचं गाणं वाजवायचं होतं. सेक्रेटरी नाईककाकांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "आधी एक भक्तिगीत घ्या रे. मग तुमचा काय तो धिंगाणा घाला."

त्या शेवटच्या गाण्यात एक जागा होती. अंतरा रंगात आलाय आणि गायक एकदम गप्प होतो. अगदी मधेच, ओळ अर्धी टाकून. वाद्यंही मागे सरतात. आणि मग मैदान गातं. हजारो माणसं, एका सुरात नाही, पुढेमागे, पण सगळं कडवं तीच म्हणतात. त्यानंतर गायक पुन्हा येतो. आमच्या मते गाणं असंच बांधलेलं होतं. गायकाने थांबायचं आणि लोकांनी गायचं. दादाने ते कागदावर आखून बँडमधल्या सगळ्यांना बजावलं होतं, "इथे हात काढायचे. तारेवर बोट दिसता कामा नये. लोकांकडे बघायचं."

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी चांगलीच थंडी होती. नाईककाका माकडटोपीत, बायका शाली लपेटून, हातात प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण. भक्तिगीत झालं, लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या. मग दादाने गिटार छेडत ते गाणं म्हणायला सुरुवात केली. लहान मुलांनी कानावर हात ठेवले. सावंत, आमचे खरे सावंत, खुर्ची घेऊन मागे सरकले. आणि ती जागा आली. चौघांनी हात काढले. चौघांनी लोकांकडे बघितलं.

कोण गाणार? बी विंगच्या पटांगणात एक माणूस नव्हता ज्याला त्या गाण्याचा एक शब्द माहीत होता. दोघातिघांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे वाजवत नाहीत बघून थांबवल्या. नाईककाका घड्याळ बघायला लागले. दादा तसाच उभा, हात हवेत, मान लोकांकडे. मला गाणं पाठ होतं. अख्ख्या पटांगणात मला एकटीला. आणि तोंड उघडेना. अकरावीतल्या मुलीने अख्ख्या सोसायटीसमोर एकटीने ओरडायचं म्हणजे काय असतं हे ती झाल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा आई गायली. द्रोण मांडीवर, पदर खांद्यावरून घेतलेला, बसल्या जागी. शब्द नाहीत, नुसतं ला ला. पण चाल अगदी बिनचूक. मैदानातले लोक जिथे रेंगाळायचे तिथे रेंगाळली, जिथे घाई करायचे तिथे घाई केली. दुसऱ्या ओळीला शेजारच्या कुलकर्णीकाकू मिळाल्या. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. आमच्या विंगच्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच चौकात उघडायच्या. आमच्या ओट्याशेजारी जे दोन महिने वाजत होतं ते पाच घरांच्या फोडणीत पडलं होतं आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. दादाला इतका धक्का बसला की तो परत यायच्या जागी आलाच नाही. बायकांना कडवं दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, तुला ते गाणं कळतं का. तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "माका काय कळता त्यातला? थंय लोक म्हणतत, म्हणान मी म्हटलंय." याहून जास्त काही त्या विषयावर ती पुढे आयुष्यभर बोलली नाही. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग नाही. सोसायटीत एकच चालू टेपरेकॉर्डर होता, आणि तो होता आमचा, वरती ओट्यावर. मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या कडव्याच्या जागी मला अजून मैदानातल्या हजारांच्या आधी ती ऐकू येते.

पुढे खूप वर्षांनी, इंटरनेटवर सगळं मिळायला लागल्यावर, दादाला त्याच कार्यक्रमाची एक स्वच्छ प्रत सापडली. त्याने मला मुलुंडला बोलावून घेतलं. "ऐक. फक्त ती जागा ऐक." मी ऐकली. गायक थांबलाच नव्हता. कट्ट असा आवाज झाला आणि त्याचा माइक गेला. तो गातच होता, लांबून, मैदानातल्या वाऱ्यात मिसळलेला त्याचा उघडा आवाज या प्रतीत ऐकू येत होता. गिटारवाला हसत होता. लोकांच्या लक्षात आलं की माणूस गातोय पण पोचत नाही, आणि त्यांनी ते कडवं त्याच्या हातातून घेतलं. मूळ गाण्यात तसली काही जागाच नाही. आम्ही एक बिघाड गच्चीवर घोटून घोटून पाठ केला होता. दादा हसून हसून पलंगावर आडवा झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "सुमे, वाट लागली ना आपली," म्हणत तो पुन्हा हसत सुटला. तेव्हा त्याचे कान चांगले होते.

कान गेले ते रॉकने नव्हे. वहिनीला अजून पटत नाही. "तरी मी सांगत होते, ती धडामधूम गाणी." पण दादाने मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा कापणाऱ्या यंत्रांशेजारी नोकरी केली. आवाज अडवायला कानात बोंडं घाला असं तिथे सगळ्यांना सांगितलेलं होतं. दादा घालायचा नाही, कारण घातली की यंत्राचा आवाज बदललेला कळत नाही म्हणे. आधी पक्षी गेले. मग दाराची बेल. मग एके दिवशी त्याने मला विचारलं, "सुमे, काठी वाजली का गं? चार मोजले का त्याने?" मी म्हटलं, मोजले.

मशीन बसवल्यावर घरात आनंदीआनंद झाला. टीव्हीचा आवाज कमी झाला, वहिनीचा घसा वाचला. दादाने पहिल्याच आठवड्यात रेकॉर्डिंग लावलं. मग मला फोन केला. आवाज अगदी सपाट होता. "गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं येतं. ते चालेल गं, त्याची सवय करेन. पण गाणं संपलं की माणसंच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटचा सूर संपतो आणि टाळ्या सुरू व्हायच्या जागी सगळं खाली जातं. कुणी नाहीच तिथे. तो एकटा माणूस मैदानात गातोय आणि समोर कोणी नाही. नाही ऐकवत." आणि मग ती चादर आली.

यंदाची थंडी मी अशी काढत होते. माझी मुलगी, मुक्ता, डिसेंबरात वांद्र्याच्या मैदानावर एका मोठ्या कार्यक्रमाला गेली होती. तिथून तिने मला फोनवरची छोटीशी चित्रफीत पाठवली. स्टेज म्हणजे लांब कुठेतरी एक उजेडाचा ठिपका, आणि ऐकू काय येतं, तर मुक्ता आणि तिच्या मैत्रिणी, जिवाच्या आकांताने, बेसूर. बँडचा पत्ताच नाही. घरी आल्यावर म्हणाली, "सॉरी गं आई, आमचाच आवाज आला सगळा. थांब, चांगलं रेकॉर्डिंग येईल ना ऑफिशियल, ते पाठवते." मी म्हटलं, नको, हेच राहू दे. रोज एकदा तरी ती चित्रफीत लावते. माझी एरवी मोजूनमापून बोलणारी मुलगी कुणाची पर्वा न करता ओरडतेय. आणि असंच एकदा ऐकताना मला दादाच्या त्या रिकाम्या मैदानाची आठवण इतक्या जोरात आली की मी उठून त्यालाच फोन केला. म्हटलं, "मशीन बदलायचं नसेल तर नको बदलू. पण एकदा त्यांना विचारायला काय जातं?"

"काय विचारू? मला गोंगाट ऐकायचाय म्हणून सांगू?"

"सांग की."

"हसतील गं."

"मग मी सांगते."

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. कानाची मशीन बसवून देणारी जिनल म्हणून एक तरुण मुलगी आहे, हसतमुख, मराठी छान बोलते. तिने दादाला समोर बसवलं.

"बोला काका. बोलणं कळतं ना नीट?"

"बोलणं कळतं. जरा जास्तच कळतं."

"मग काय त्रास?"

दादा माझ्याकडे बघायला लागला. आयुष्यभर कामगारांवर खेकसलेला माणूस, आता मलाच कोपराने ढोसत होता. मी म्हटलं, "त्याला टाळ्या ऐकू येत नाहीत. गाण्यानंतरच्या. लोकांचा आवाज."

जिनल म्हणाली, "लोक तर इथे तो आवाज नको म्हणून येतात." पण ती हसली नाही. तिने माझ्या फोनवरचं रेकॉर्डिंग मागून घेतलं, दादाच्या मशीनला कॉम्प्युटर जोडला आणि गाण्याचा शेवट लावला. पडद्यावर रेघा वर चढल्या, गाणं संपलं, आणि रेघा चिमटीत धरल्यासारख्या खाली आल्या. "हे बघा. टाळ्या आल्या की याला वाटतं नुसता गोंगाट आहे. मग ते दाबून टाकतं. तेच त्याचं काम आहे ना."

"टाळ्या गोंगाट?" दादा म्हणाला. त्याला खरोखरच लागलं होतं.

"मशीनला काय माहीत काका. त्याला सांगायला लागतं." ती बराच वेळ काहीबाही बदलत बसली. "एक वेगळं सेटिंग देते. बटण दाबलं की दाबादाबी बंद, सगळं जसं आहे तसं येणार. पण एक आहे. त्यात माणसाचं बोलणं वेगळं नाही निघणार. बाहेर रस्त्यावर तर शेजारी कोणी बोललं तरी कळणार नाही." हे म्हणताना ती दादाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"चालेल," दादा म्हणाला. इतकं पटकन, की मला ते टोचलं. शेजारी बोलणारी मीच होते ना. वहिनी होती. कान आले म्हणून घरात शिरा केला होता तिने. पण टोचलं ते तेवढंच. मी फोन पुढे सरकवला आणि गाण्याचा शेवट पुन्हा लावला.

शेवटचा सूर संपला. मी दादाच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलंच. त्याने हात वर केला होता, कुणी बोलू नका अशा अर्थाने. टाळ्या आल्या, वाढल्या, ओसरल्या. हात तसाच.

"कसं वाटतंय काका?" जिनलने मोठ्याने विचारलं.

"पहिल्यासारखं नाही," तो म्हणाला. "पत्र्यावर पडल्यासारखं येतं." मग हात खाली घेतला. "पण लोक आहेत." आणि माझ्याकडे वळून, "सुमे, परत लाव. गाणं नको. नुसतं शेवटचं."

जिनलने पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं. आम्ही नुसत्या टाळ्या ऐकत बसलो. पुन्हा पुन्हा. तिच्या खोलीत थंडगार एसी होता आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. ओट्याशेजारच्या त्या दिवसांनंतर दादाला मी इतक्या जवळून ऐकताना क्वचितच पाहिलं होतं. आम्ही नेहमी आपापल्या घरात असायचो.

बाहेर पडलो तेव्हा घाटकोपर स्टेशनच्या रस्त्यावर संध्याकाळची झुंबड होती. डोक्यावरून मेट्रो गेली. पेरूवाला ओरडत होता, भाजीवाली ओरडत होती, कुणाचं तरी पोर रडत होतं, एका टपरीवर वडे तळणं चाललं होतं. दादाने बटण दाबून नेहमीचं सेटिंग परत आणलं नव्हतं. तो फुटपाथच्या मधोमध उभा राहिला. लोक त्याला धक्के देत होते, "ओ काका, साइडला व्हा ना," म्हणत पुढे जात होते, आणि तो मान किंचित वर करून, मैदानात उभा असल्यासारखा ऐकत होता.

"दादा, चहा घ्यायचा का?" मी विचारलं.

त्याला ऐकू आलं नाही. त्याच्या बाहीला धरलं असतं, कानाकडे बोट दाखवलं असतं, तर त्याने लगेच बटण दाबलं असतं. मी हात पुढेही केला होता. मग तो मागे घेतला आणि त्याच्या शेजारी, त्या धक्क्यांमधे, उभी राहिले. चहाचं मी पुन्हा विचारलं नाही.